वॉकमन ते मोबाईल : खिशातल्या गाण्यांचा इतिहास

बोअरवेल, लिफ्ट, गच्चीची गळती आणि पार्किंग यांचा इतिहास या स्मरणिकेत इतर मंडळी लिहिणारच आहेत. म्हणून मी जरा वेगळ्या इतिहासाला हात घालतो. आपल्या सोसायटीची नोंदणी 2000 साली झाली. त्याच वर्षी ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया, म्हणजे आपली एचएमव्ही, नाव बदलून सारेगामा झाली. पुढच्या वर्षी अमेरिकेत आयपॉड आला आणि 2022 साली तो बंदही झाला. जगातला सर्वांत गाजलेला म्युझिक प्लेअर आपल्या डोळ्यांदेखत जन्मला, वाढला आणि गेला. गाणी मात्र राहिली. ती आता मोबाईलमध्ये असतात. पण ती आपली आहेत का, हा प्रश्न मला अलीकडे पडतो, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

खिशातलं गाणं ही कल्पनाच तशी नवी. 1955 च्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून गीतरामायण सुरू झालं. आठवड्याला एक नवं गीत, अशी 56 गीतं वर्षभर चालली. रेडिओ म्हणजे तेव्हा कपाटावर ठेवायची, विणलेल्या रुमालाने झाकायची वस्तू. पोस्टात त्याच्या परवान्याचे पैसे भरावे लागत. ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या ओटीवर अर्धा वाडा. गाणं एकट्याने ऐकायचं हे कुणाच्या डोक्यातही येत नसे. अमेरिकेत 1954 साली रीजन्सी टीआर-1 हा खिशात मावणारा ट्रान्झिस्टर विक्रीला आला आणि पुढे दहाएक वर्षांत आपल्याकडेही ट्रान्झिस्टर घराबाहेर पडला. पण तोसुद्धा कॉमेंट्री चालू असली की चौघांच्या मध्ये ठेवला जायचा. शिवाय त्यावर गाणं लागायचं ते विविध भारतीच्या मर्जीने.

आपल्या मर्जीचं गाणं हातात आलं ते कॅसेटमुळे. फिलिप्स कंपनीने 1963 साली ही छोटी कॅसेट काढली. मग 1 जुलै 1979 ला जपानमध्ये सोनीचा वॉकमन आला. त्याची जन्मकथा सांगण्यासारखी आहे. सोनीचे एक संस्थापक मासारू इबुका यांना लांबच्या विमानप्रवासात संगीत ऐकायला काहीतरी सुटसुटीत हवं होतं. कंपनीकडे पत्रकारांसाठी बनवलेला प्रेसमन नावाचा छोटा टेपरेकॉर्डर होता. त्यातला रेकॉर्डिंगचा भाग काढला, स्टिरिओ आवाज घातला आणि हलके हेडफोन जोडले. झाला वॉकमन. किंमत 33,000 येन. ‘ज्यावर रेकॉर्ड होत नाही तो टेपरेकॉर्डर घेणार कोण?’ अशी शंका तेव्हा घेतली गेली, आणि पहिल्या महिन्यात 30,000 नगांपैकी जेमतेम 3,000 खपले. ऑगस्ट संपायच्या आत मात्र सगळे संपले.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. सोनीचे दुसरे संस्थापक अकिओ मोरिता यांना वाटलं, शेजारी माणूस असताना एकट्यानेच कानात गाणं घालून बसणं हा उद्धटपणा होईल. म्हणून पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोकं ठेवली. वर एक नारिंगी बटणही दिलं. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि छोट्या माइकमधून एकमेकांशी बोलता यायचं. लोकांनी ते बटण फारसं वापरलंच नाही. प्रत्येकाला आपापला वॉकमन हवा होता. पुढच्या मॉडेलांत बटण गेलं, दुसरं भोकही गेलं. आज लिफ्टमध्ये चार माणसं आठ कानांत आठ बोंडं घालून उभी असतात, त्याची सुरुवात ही अशी झाली. (पाचवा माणूस स्पीकर चालू ठेवून व्हिडिओ बघत असतो, त्याला काय म्हणावं हे मोरितांनाही सुचलं नसतं.)

आपल्याकडे वॉकमन आला तो बहुधा कुणाच्या तरी बॅगेतून. आखातात नोकरीला असलेला मामा, जहाजावरचा शेजारी, नाहीतर मुंबईत मुसाफिरखान्याजवळची दुकानं. उल्हासनगरचे वॉकमनही होते, ज्यांच्यावरच्या ‘मेड इन यूएसए’चा खरा अर्थ सगळ्यांना पाठ होता. नाव काहीही असो, वस्तू ‘वॉकमन’च. दोन पेन्सिल सेल लागायचे. ते उतरले की लताबाईंचा आवाज हळूहळू खर्जात जायचा. मग सेल काढून उन्हात ठेवायचे, दोन गाण्यांपुरता जीव यायचा. टेप गुंतली तर सहा कोनी पेन्सिल चाकात घालून फिरवायची. ज्यांनी हे केलं आहे त्यांची बोटं आत्ता वाचतावाचता हलली असतील.

पण खरं सांगायचं तर वॉकमन किती जणांकडे होता? चाळीत एखादा. बाकीच्यांचं संगीत टू-इन-वनवरच चालायचं. कॅसेट मात्र घरोघरी पोचली. ऐंशीच्या दशकात गुलशन कुमार यांच्या टी-सीरीजने कॅसेटी इतक्या स्वस्त केल्या की त्या पानाच्या ठेल्यावर आणि वाण्याच्या दुकानात मिळू लागल्या. तोवर एचएमव्ही जे छापील ते ऐकायचं, अशी अवस्था होती. आता प्रल्हाद शिंद्यांची विठ्ठलाची गाणी, भीमगीतं, कोळीगीतं, कीर्तनं, सगळ्याला जागा झाली. पूर्वी फिरत्या लाखेच्या तबकडीवर एका बाजूला तीनेक मिनिटं मावायची. नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर एका बाजूला पाऊण तास राग चालायचा.

आणि याच काळात एक खास शब्द रुजला, गाणी ‘भरून’ घेणं. वहीच्या कागदावर वीस गाण्यांची यादी करायची, कोरी कॅसेट घ्यायची आणि रेकॉर्डिंगवाल्याकडे द्यायची. चार दिवसांनी गाणी भरून मिळायची. बाजू संपताना शेवटचं गाणं अर्ध्यात तुटायचं. तो तुटलेला भागही आपला असायचा. आजही ते गाणं कुठे लागलं की त्या ठिकाणी मन थांबतं.

यानंतरची उडी संगणकाची. सीडीवरच्या एका मिनिटाच्या संगीताला साधारण दहा एमबी जागा लागते. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेतल्या संशोधकांनी, कार्लहाइन्ट्स ब्रांडेनबुर्ग हे त्यांतलं मुख्य नाव, माणसाच्या कानाची एक खोड हेरली. मोठ्या आवाजाच्या शेजारचा बारीक आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. मग तो साठवायचा कशाला? असं गाळून गाळून गाणं सुमारे एक दशांश जागेत बसवलं. तीच एमपीथ्री, हे नाव 1995 साली ठरलं. फुटपाथवर शंभर-दीडशे गाण्यांची एक सीडी मिळू लागली, बहुतेक चोरीचीच, ती याच विद्येमुळे.

1998 साली एमपीथ्री वाजवणारे खिशातले प्लेअर आले. त्यांतल्या रिओ नावाच्या प्लेअरची स्मृती होती 32 एमबी, म्हणजे जेमतेम अर्ध्या तासाचं संगीत. तरीही अमेरिकेतल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने त्यावर खटला भरला, आणि 1999 साली ती हरली. ती वाट मोकळी झाल्यावर 23 ऑक्टोबर 2001 ला ॲपलचा आयपॉड आला. पाच जीबी, हजार गाणी, 399 डॉलर. आपल्या सोसायटीत पहिला आयपॉड अमेरिकेतल्या जावयाने आणला असं सांगतात; कोणाच्या, यावर दोन घरांत वाद आहे. बाकी मुलांनी पेन ड्राइव्हसारखे दिसणारे चिनी प्लेअर गळ्यात अडकवून कॉलेजं केली.

इथपर्यंत गाण्याला स्वतःची वेगळी वस्तू होती. तिचा शेवट फोनने केला, पण तो एका दिवसात नाही. 2005 साली सोनी एरिक्सनने वॉकमनच्या नावाचाच फोन काढला. नोकियाचे एक्सप्रेसम्युझिक आले. 9 जानेवारी 2007 ला स्टीव्ह जॉब्ज यांनी आयफोन दाखवला तेव्हा आयपॉड, फोन आणि इंटरनेट हे तिन्ही एकाच यंत्रात आहे, असंच सांगितलं. गंमत म्हणजे आयपॉडचा सर्वाधिक खप त्यानंतरच, 2008 च्या आर्थिक वर्षात झाला, सुमारे 5 कोटी 48 लाख. मग उतरण लागली. जपानमध्ये कॅसेटच्या वॉकमनची विक्री सोनीने 2010 साली थांबवली. 10 मे 2022 ला ॲपलने शेवटचा आयपॉड बंद करत असल्याचं जाहीर केलं.

या साऱ्याबद्दल हळहळ करणारे लेख पुष्कळ येतात. मला ती हळहळ निम्मीच पटते. वॉकमन आणि आयपॉड ज्यांच्याकडे होते त्यांचा तो इतिहास आहे. आपल्या देशात बहुसंख्य माणसांचा पहिला खासगी म्युझिक प्लेअर म्हणजे मोबाईलच. 2010 च्या आसपास आठवा. साधा बटणांचा फोन, त्यात दोन जीबीचं नखाएवढं कार्ड, आणि स्टेशनजवळच्या मोबाईलच्या दुकानात संगणकावरून गाणी ‘भरून’ देणारा पोरगा. शब्द तोच, बघा! कायद्याने तीही चोरीच होती. पण त्या कार्डात चारशे गाणी मावत. आपल्या गेटवर रात्रपाळी केलेल्या वॉचमन मंडळींच्या फोनमध्ये भोजपुरी आणि नेपाळी गाणी असायची, जी इथल्या कुठल्याच रेडिओवर कधी लागली नाहीत. रात्री दोन वाजता केबिनमधून बारीक आवाजात ती यायची. कमिटीकडे तक्रारही गेली होती. आयपॉडने जगभर काय क्रांती केली ती केली. त्या केबिनपर्यंत मात्र तो कधीच पोचला नसता.

माझी तक्रार त्यानंतरच्या टप्प्याबद्दल आहे. 5 सप्टेंबर 2016 ला जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला आणि कार्डात गाणी भरायची गरजच उरली नाही. बोट लावलं की गाणं. ही सोय मी रोज वापरतो. पण कॅसेट, सीडी, मेमरी कार्ड, यांतलं गाणं घरात होतं. ॲपमधलं गाणं भाड्याने असतं. कंपन्यांचे आपसातले करार संपले की ते जातं. 2023 च्या मार्चमध्ये झी म्युझिकची गाणी अशीच स्पॉटिफायवरून उतरली होती. लोकांच्या याद्यांमध्ये नुसती फिकट नावं उरली. आपल्या कपाटातली कॅसेट अशी कुणाच्या भांडणात कधी रिकामी झाली नव्हती.

आवाजाच्या बाबतीत मात्र जाणकारांइतकं मी ताणणार नाही. 2016 च्या आयफोन 7 पासून फोनची हेडफोनची जागा जाऊ लागली आणि ब्लूटूथ आलं. ब्लूटूथवर जाताना गाणं बहुधा पुन्हा एकदा आकसलं जातं. आजही खास संगीतासाठी महागडे प्लेअर मिळतात. सोनी अजून वॉकमन नावाने ते विकते. त्यांतले बरेचसे आतून अँड्रॉइडच, म्हणजे सिम नसलेला फोन म्हणा ना. शांत खोलीत, चांगले हेडफोन लावून फरक कळतोही. पण त्या फरकातला मोठा वाटा हेडफोनचा. गर्दीच्या लोकलमध्ये तर सगळे सारखेच.

वेगळ्या प्लेअरचं खरं बळ हे की त्याला दुसरं काही येत नाही. भैरवी रंगात आली असताना तो कर्जाची जाहिरात करत नाही आणि मेंटेनन्सचा मेसेज दाखवत नाही. 2017 साली सारेगामाने कारवां काढला. जुन्या रेडिओचं रूप, आत पाच हजार गाणी आधीच भरलेली, आणि गायकाचं नाव निवडायला एक गोल बटण. हातात स्मार्टफोन असताना हा डबा कोण घेणार, असं मलाही वाटलं होतं. आपल्या तिन्ही विंगमध्ये तो आज किती घरांत आहे ते पाहा. मुलांनी आईवडिलांना घेऊन दिला आहे. ऐंशीच्या पुढच्या आजींना पासवर्ड, अपडेट, जाहिरात ‘स्किप’ करणं हे जमत नाही. बटण फिरवता येतं. फोनमध्ये लाखो गाणी असून त्या नातवाची वाट बघत बसत. आता दुपारी त्यांच्या घरातून गाणं येतं ते त्यांनी स्वतः लावलेलं असतं.

मात्र एक प्रकारचं गाणं ना कारवांमध्ये आहे, ना कुठल्या ॲपवर. ते आपल्या माळ्यावर आहे. बारशाचे पाळणे, आजीच्या ओव्या, सत्यनारायणाला झालेलं घरगुती भजन, परदेशी गेलेल्या मुलाला पाठवायला बोलून ठेवलेलं ‘पत्र’. त्या कॅसेटी तीस-चाळीस वर्षांच्या झाल्या. दमट हवेत टेपवर बुरशी धरते, आतला स्पंजाचा तुकडा गळून पडतो आणि वाजवायला डेक सापडत नाही.

बी विंगमधल्या एका काकांकडे चालू स्थितीतला डेक आहे आणि तो रौप्यमहोत्सवी वर्षात रविवारी सकाळी सोसायटीच्या ऑफिसमध्ये ठेवायला ते तयार आहेत. संगणकाला जोडायची वायर आणि ते काम करणारी दोन कॉलेजची मुलं, दोन्ही आहेत. नव्वद मिनिटांची कॅसेट उतरवायला नव्वद मिनिटंच लागतात, तेव्हा एका घराने एका वेळी दोनच आणाव्यात. डब्यावर फ्लॅट नंबर आणि साधारण साल लिहा. बुरशी दिसत असेल तर वाजवून बघू नका, तशीच आणा. आणि कॅसेटच्या वरच्या कडेला दोन टोकांना असलेले प्लास्टिकचे दोन छोटे तुकडे शाबूत असतील, तर आधी ते मोडून टाका, म्हणजे चुकून कुणाकडून त्यावर काही भरलं जाणार नाही.