कापड, काठी, फीत आणि पिशवी

इंग्रजी वाक्संप्रदायांची यादी पाठ करून घेणें हा कॉलेजांतील अध्यापनाचा एक जुना परिपाठ आहे, आणि आम्हींही तो अनेक वर्षें निमूटपणें पाळिला आहे. डाव्या बाजूस संप्रदाय, उजव्या बाजूस अर्थ, खालीं एक वाक्य. विद्यार्थी तें लिहून घेतात, परीक्षेंत उतरवितात आणि विसरून जातात. एके दिवशीं ‘रेड टेप’ म्हणजे दप्तरी दिरंगाई असें आम्हीं सांगितलें, तेव्हां मागल्या बाकावरील एका विद्यार्थ्यानें विचारिलें, “सर, पण ही फीत कोणाची? आणि ती कशाला बांधीत होते?” प्रश्न साधा होता, परंतु त्या तासाला आम्हांस त्याचें धड उत्तर देतां आलें नाहीं. पुढें तें शोधीत असतां ध्यानांत आलें कीं, राज्यकारभाराचे जे इंग्रजी शब्द आपण गंभीर चेहऱ्यानें उच्चारितों, त्यांतील कित्येक कचेरींतल्या अगदीं साध्या सामानांतून निघाले आहेत. अशा चार वस्तूंचा वृत्तान्त येथें देण्याचें योजिलें आहे.

प्रथम कापड. इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री (११५४–११८९) याच्या काळीं परगण्यांचे शेरिफ वसुलाचा हिशेब देण्यास राजाच्या खजिन्यांत येत. त्या राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील यानें या कचेरीची सारी माहिती लॅटिन भाषेंत संवादरूपानें लिहून ठेविली आहे. सुमारें दहा फूट लांब आणि पांच फूट रुंद असें एक टेबल. वरचें कांहीं खालीं पडूं नये म्हणून त्याच्या चारी कडांना चार बोटें उंचीची पट्टी. आणि त्यावर रेघा आखलेलें काळें कापड. त्या रेघांमधील रकान्यांत सोंगट्या मांडून पेनी, शिलिंग व पौंड यांचा जमाखर्च होई. रोमन अंकांनीं बेरीज-वजाबाकी करणें जिकिरीचें. सोंगट्या मात्र लिहितां-वाचतां न येणाऱ्यालाही दिसत.

हें कापड बुद्धिबळाच्या पटासारखें भासे, म्हणून कचेरीस ‘एक्सचेकर’ हें नांव पडलें. इंग्लंडचा अर्थमंत्री आजही त्याच नांवाचा चॅन्सेलर म्हणवितो. पटाच्या या नांवाचें मूळ शोधीत गेलें म्हणजे फारशी ‘शाह’ शब्दाशीं येऊन आपण थांबतों. बुद्धिबळांतील राजाला दिलेला शह तोच इंग्रजींत ‘चेक’ झाला. शह म्हणजे अडवणूक. त्यावरून अडविणें, मग ताडून पाहणें, असे अर्थ त्यास आले. पुढें पैशाच्या चिठ्ठीची खातरजमा करण्यासाठीं जी स्थळप्रत ठेवीत तिला, आणि अखेर त्या चिठ्ठीलाच, ‘चेक’ म्हणूं लागले. तेव्हां प्रतिपक्षाला शह देणारा आपला मुत्सद्दी आणि बँकेंत चेक वटविणारा आपला शेजारी हे दोघेही एकाच इराणी राजाचें नांव घेत असतात!

आतां काठी. ज्यानें खजिन्यांत पैसे भरले त्यास पावती म्हणून खांचा पाडलेली एक लांकडी काठी मिळे. खांचांचीं मापें फिट्झनीलनें दिलीं आहेत: हजार पौंडांची खांच तळहाताच्या जाडीएवढी, शंभरांची अंगठ्याएवढी, विसांची करंगळीएवढी, एका पौंडाची पिकलेल्या जवाच्या दाण्याएवढी, शिलिंगाची त्याहून बारीक, आणि पेनीला नुसता चरा. नंतर काठी उभी चिरीत. एक भाग पैसे भरणाराजवळ राही, दुसरा कचेरींत. पुढें तंटा उपस्थित झाल्यास दोन्ही भाग जोडून पाहावे. लांकडाची नस आणि खांचा जुळल्या कीं वाद मिटला. एकानें चोरून खांच वाढविली, तरी दुसऱ्या भागावर ती कोठून येणार? या काठीचें नांव ‘टॅली’. हिशेब ‘टॅली’ झाला असें म्हणणारा इंग्रज, आणि त्याच्या मागोमाग तेंच म्हणणारा आपल्याकडील हिशेबनीस, नकळत त्या काठीचे दोन तुकडेच जोडीत असतो.

या काठ्यांचा शेवट मोठा विलक्षण झाला. १७८२ च्या कायद्यानें त्या बंद करण्याचें ठरलें. परंतु जुने अधिकारी जागेवर होते तोंवर पद्धत चालूच राहिली आणि १८२६ सालीं ती खरोखर थांबली. सांठलेल्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ रोजीं उमरावांच्या सभागृहाखालील भट्ट्यांत जाळण्यास घेतल्या. लांकूड वाळलेलें, धुरांडीं तापलीं, आग भडकली आणि पार्लमेंटाचें घर असलेला वेस्टमिन्स्टरचा राजवाडा बहुतेक भस्मसात झाला. पुरातन वेस्टमिन्स्टर हॉल मात्र वाचला. चार्ल्स डिकन्सनें १८५५ सालच्या एका भाषणांत ही हकीकत सांगितली. आसपासच्या गरिबांना त्या काठ्या सरपणास सहज देतां आल्या असत्या, परंतु दप्तरी शिरस्त्यांत तें बसत नव्हतें, असें तो उपहासानें म्हणाला. आणि हिशेबाच्या नव्या पद्धतीचें नांव काढतांच लाल फीत कशी खवळली, हेंही सांगण्यास चुकला नाहीं.

ती फीत हीच आमच्या विद्यार्थ्याची फीत. इंग्लंडांत सरकारी व न्यायालयीन कागदांचे गठ्ठे तांबूस फितीनें बांधण्याची वहिवाट होती. वस्तु म्हणून ती निर्दोष आणि उपयोगाची. तिच्यामुळें कागद एकत्र राहत, गहाळ होत नसत. अपराध फितीचा नव्हे, ती सोडण्यास विलंब लावणाऱ्या हातांचा. परंतु कार्लाईल, डिकन्स यांसारख्या लेखकांनीं एकोणिसाव्या शतकांत तिच्यावर असे कोरडे ओढले कीं, ती कायमची बदनाम झाली.

राहिली पिशवी. ‘बजेट’ हा शब्द लहान चामडी पिशवी अशा अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आला. १७३३ सालीं वॉलपोल यानें दारू व तंबाखू यांवरील कराची योजना पुढें आणिली, तेव्हां विरोधकांनीं ‘उघडलेली पिशवी’ अशा अर्थाच्या नांवाचें पत्रक काढून, पोतडींतून औषधें काढणाऱ्या भोंदू वैदूच्या रूपांत त्याची थट्टा केली. थट्टा विरून गेली. शब्द मात्र राज्याच्या जमाखर्चाला चिकटला. भारतांतही अर्थमंत्र्यांच्या हातीं दीर्घकाळ चामडी पेटी दिसे. २०१९ सालीं श्रीमती निर्मला सीतारामन यांनीं तिच्याऐवजीं लाल कापडांत बांधलेले कागद संसदेंत नेले. पिशवी गेली, पण ‘बजेट’ राहिलें.

तें लाल कापड पाहून आम्हांस आपल्या घरचें बासन आठवलें. पोथी किंवा कागद ज्यांत गुंडाळीत तें कापड म्हणजे बासन. पुण्याच्या पेशवे दप्तरांतील कागद रुमालांत बांधलेले आहेत, आणि त्यांची मोजदादही रुमालांनींच होते. एखादें प्रकरण ‘बासनांत गुंडाळलें’ असें आपण म्हणतों, तेव्हां इंग्रजांच्या लाल फितीचा बराचसा भाव आपल्या भाषेंत आपल्याच कापडानें व्यक्त झालेला असतो. तसेंच ‘शिक्कामोर्तब’. पत्राच्या आरंभीं शिक्का आणि मजकूर संपतो तेथें मोर्तब, म्हणजे मागाहून कोणीं भर घालूं नये. ही जुनी दक्षता त्या एका शब्दांत शाबूत आहे. आम्हीं ‘लाल फीत’ भाषांतर करून घेतली याचा आम्हांस विषाद नाहीं. भाषा अशीच वाढते. खेद इतकाच कीं, फितीचा अर्थ पाठ असलेल्या विद्यार्थ्यास बासन ही काय चीज आहे हें ठाऊक नसतें, आणि आम्हीं शिक्षकांनीं तें त्यास कधीं दाखविलेलें नसतें. वस्तु दृष्टीआड झाली म्हणून शब्द लगेच मरत नाहीं. पण त्यांतील चित्र पुसलें जातें, आणि मग तो केवळ पाठांतराचा विषय होतो.

हल्लीं तो तास आला कीं आम्ही वर्गांत एक काठी घेऊन जातों. विद्यार्थी प्रथम चपापतात. मग चाकूनें तिच्यावर खांचा पाडतों, ती उभी चिरतों, आणि एक भाग पहिल्या बाकावर, दुसरा शेवटच्या बाकावर देतों. तास संपतांना दोन्ही भाग परत येतात आणि जोडून पाहिले जातात. त्या दिवशीं अर्थ लिहून द्यावा लागत नाहीं.