पगारातले २०० रुपये आणि बहात्तरचा दुष्काळ

हा भागाचा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातलं थोडं गाळलंय, थोडं तसंच ठेवलंय.

आजचा विषय ऐकून काही जण टॅब बंद करतील, पण दोन मिनिटं थांबा. तुमची पगाराची स्लिप उघडा. पीएफच्या खाली 'पीटी - २००' अशी एक ओळ दिसेल. मी माझ्या टीममध्ये विचारलं, हे कशाचे कापतात? बहुतेकांचं उत्तर, "इन्कम टॅक्सचंच काहीतरी असेल." नाही. हा व्यवसाय कर, प्रोफेशन टॅक्स. तो केंद्राचा नाही, राज्याचा आहे. आणि तो जन्माला आला तो आपल्याकडच्या दुष्काळामुळे.

१९७२ साली जालना जिल्हा नव्हता. जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद हे तालुके औरंगाबादेत आणि परतूर परभणीत. जिल्हा झाला १ मे १९८१ ला. पण गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, ते नुसतं 'बहात्तर' म्हणतात, 'साल' शब्द लावतसुद्धा नाहीत. लागोपाठ पावसाने दगा दिला. रेशनवर अमेरिकेची लाल ज्वारी, म्हणजे मिलो, पोरांना सुकडी, आणि मोठ्यांना खडी फोडायचं काम. मे १९७३ मध्ये राज्यभर दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. मराठवाड्यातले कितीतरी पाझर तलाव आणि कच्चे रस्ते त्या हातांचे आहेत.

कामाची कल्पना मात्र आधीची. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये सांगलीच्या तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग सुरू केला होता: मागेल त्याला काम. १९७२ मध्ये वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना ती राज्याची योजना झाली, आणि दुष्काळाने तिची गरज विधानसभेत वेगळी पटवून द्यायची वेळच ठेवली नाही. दुष्काळ संपला तरी योजना चालू ठेवायची, तर पैसा कुठून आणायचा? उत्तर निघालं, ज्यांना नियमित पगार आहे, धंदा आहे, त्यांच्याकडून. १ एप्रिल १९७५ पासून व्यवसाय कर लागू झाला. जोडीला विक्रीकर, मोटार वाहनं, बागायती जमिनी आणि शहरांतल्या बिगरनिवासी इमारती यांच्यावरही बोजा आला. जमेल तितकीच भर सरकारने स्वतःची घालायची, असं ठरलं. रोजगार हमीचा कायदा झाला १९७७ चा, अमलात आला २६ जानेवारी १९७९ ला. देशाला असा कायदा मिळायला २००५ उजाडलं.

शहरातल्या कारकुनाने खेड्यातल्या मजुराचा रोज भरायचा, हा सौदा होता. नंतर जमा झालेला सगळा पैसा त्या कामांवर लागत नाही, अशी टीका अभ्यासकांनी वेळोवेळी केली, आणि मला ती रास्त वाटते. पण कर राहिला.

आता माझ्यासारख्या कोडवाल्याला आवडणारी गोष्ट. फेब्रुवारीत २०० ऐवजी ३०० का कापतात? ११ गुणिले २०० म्हणजे २२००, अधिक ३००, झाले २५००. या कराची वार्षिक कमाल मर्यादा थेट राज्यघटनेच्या २७६ व्या कलमात लिहिलेली आहे. आधी ती २५० होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीने २५०० झाली आणि तिथेच अडकली. हार्डकोड केलेली व्हॅल्यू म्हणतात ती हीच! महिन्याला २५ हजारांपर्यंत पगार असलेल्या महिलांना २०२३ पासून हा कर माफ आहे.

इथून विषय हिशेबनीसाकडे वळतो. आपल्या मोंढ्यात आधी मुनीम, लाल वह्या. मग विक्रीकर आला, मराठवाड्यात हैदराबाद संस्थानच्या १९५० च्या कायद्याने, मग मुंबईच्या १९५९ च्या कायद्याने. त्याबरोबर विक्रीकर सल्लागार ही जमात वाढली. २००५ ला व्हॅट, २०१७ ला जीएसटी. या सगळ्या धंद्याचं लक्ष उलाढालीवर असतं. व्यवसाय कराचा उलाढालीशी थेट संबंध नाही, म्हणून तो फटीत पडतो.

माझ्या मामेभावाचं भोकरदन नाक्याकडे फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. त्याच्या आधीच्या सल्लागाराने कामगारांचा कर भरायची नोंदणी, म्हणजे पीटीआरसी, काढून दिली. मालकाच्या स्वतःच्या करासाठी पीटीईसी लागते, ती काढलीच नाही. चार वर्षांनी नोटीस. १० हजार मुद्दल, वर व्याज. रक्कम लहान, पण नोटीस पाहून मामीला दोन रात्री झोप नव्हती. भागीदारी असेल तर प्रत्येक भागीदाराला ही नोंदणी वेगळी लागते.

म्हणून हिशेबनीस निवडताना मी फीच्या आधी हेच विचारायला सांगतो: "माझी पीटीईसी आहे का?" त्यावर "ते काय एवढं नसतं" असं उत्तर आलं की चहा संपवायचा आणि उठायचं. ऑडिट लागत असेल तर सीएच हवा. त्यांचा सदस्य क्रमांक विचारायला लाजू नका, सही केलेल्या प्रमाणपत्रावरचा यूडीआयएन ऑनलाइन तपासता येतो. नुसती रिटर्न भरायची असतील तर नोंदणीकृत जीएसटी प्रॅक्टिशनर पुरतो. आणि पोर्टलवर मोबाइल नंबर तुमचाच टाका, हे पुन्हा पुन्हा सांगतो. ओटीपी त्याच्या फोनवर जात असेल, तर भांडण झाल्यावर तुमच्या धंद्याची किल्ली त्याच्या खिशात.

घर असलेल्यांनी घरपट्टीचं बिलही नीट वाचावं. 'रोजगार हमी उपकर' अशी ओळ दिसली तर ती त्याच बहात्तरच्या घराण्यातली. तो बिगरनिवासी जागेवर असतो. पुढच्या खोलीत किराणा दुकान काढलं असेल तर तेवढ्या भागावर लागू शकतो. नुसतं राहतं घर असून ती ओळ आली असेल, तर पालिकेत अर्ज करा, वापराची नोंद चुकली असण्याची शक्यता आहे.

पीटीईसीवाल्यांसाठी वर्षाची मुदत ३० जून, चलन महाजीएसटीच्या साइटवर निघतं. पुढचा भाग जकातीवर. कुणाच्या घरी नाक्यावरच्या जुन्या पावत्या असतील तर फोटो पाठवा.