जमिनीपासून किती इंच?

आपल्याकडे मोटार घ्यायला निघालेला माणूस किंमत आणि मायलेज विचारून झालं की तिसरा प्रश्न विचारतो तो गाडीच्या जमिनीपासूनच्या उंचीचा. खड्डे, गतिरोधक आणि पावसाळ्यात तुंबलेलं पाणी या तिघांशी ज्याची गाठ पडलेली आहे त्याला हा प्रश्न सुचणारच. त्यामुळे मी १९५३ सालचा शेवरोले ३१०० पिकअप ट्रक विकत घेतला आणि तो चार इंच खाली बसवायचं ठरवलं, तेव्हा सांगलीहून वडिलांनी फोनवर विचारलं, "अरे, गाडी जमिनीला टेकवायला पैसे मोजतोस?"

प्रश्न रास्त होता. मी तेव्हा "इथे तशी पद्धत आहे" एवढंच म्हणून सुटका करून घेतली. खरं उत्तर शोधायला बसलो तेव्हा लक्षात आलं की ते माझ्या घरापासून वीस मिनिटांवर आहे.

सॅन होजे म्हटलं की आपल्या मंडळींच्या डोळ्यांपुढे चिप आणि सॉफ्टवेअरच्या कंपन्या येतात. पण शहराच्या पूर्व भागात स्टोरी रोड आणि किंग रोड जिथे मिळतात तो चौक वेगळ्याच कारणासाठी प्रसिद्ध आहे. एव्हरग्रीनमधल्या मित्रांकडे जेवायला जाताना आपण तिथून कितीदा तरी गेलो असू. सत्तरच्या दशकात शनिवार-रविवारच्या रात्री इथे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन कुटुंबांच्या गाड्या संथपणे फेऱ्या मारत असत. या गाड्यांना आणि त्या चालवणाऱ्यांना, दोघांनाही 'लोरायडर' म्हणतात. त्याच नावाचं मासिक १९७७ साली याच शहरात सुरू झालं आणि २०१९ पर्यंत छापून निघत राहिलं.

या प्रकाराचं माहेर मात्र लॉस एंजेलिस. दुसऱ्या महायुद्धानंतर पूर्व लॉस एंजेलिसच्या व्हिटियर बुलेव्हार्डवर तरुण मुलं जुन्या शेवरोले घेऊन फिरू लागली. जुन्या अशासाठी, की त्या स्वस्तात मिळत. त्याच काळात गोरी मुलं जुन्या फोर्डमध्ये मोठी इंजिनं बसवून त्या पळवत होती. यांनी नेमकं उलट केलं. डिकीत वाळूची नाहीतर सिमेंटची पोती टाकायची, स्प्रिंगचे वेढे कापायचे, गाडी रस्त्याला लागेल इतकी खाली आणायची आणि मग सावकाश, दिमाखात मिरवायची. 'बाहितो इ सुआवेसितो' हे त्यांचं ब्रीद, म्हणजे खाली आणि हळुवार. शहरात ज्यांच्याकडे कोणी पाहत नव्हतं त्यांनी सगळ्यांना पाहायला लावायचा काढलेला हा मार्ग होता, असं मला वाटतं.

सरकारने पाहिलंच. १ जानेवारी १९५८ पासून कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात २४००८ क्रमांकाचं कलम लागू झालं. मूळ रचनेत बदल केलेल्या गाडीचा, चाकं सोडून, कोणताही भाग रिमच्या सर्वांत खालच्या कडेपेक्षा खाली असता कामा नये. प्रवासी मोटारींबरोबर सहा हजार पौंडांखालची व्यापारी वाहनंही त्यात धरली होती. या राज्यात पिकअपची नोंद व्यापारी वाहन म्हणून होते, तेव्हा माझ्या ट्रकसारखेही त्यात आले.

या कलमाला उत्तर मिळायला फार वेळ लागला नाही. रॉन अगीरे नावाच्या तरुणाकडे १९५७ सालची कॉर्व्हेट होती, बरीच खाली बसवलेली. पोलीस वारंवार दंड करू लागले, तेव्हा १९५९ च्या सुमारास त्याने वडिलांच्या मदतीने मोडीत निघालेल्या विमानांचे हायड्रॉलिक पंप आणि सिलिंडर आणून गाडीला बसवले. बटण दाबलं की गाडी वर, कायदेशीर; पोलीस पुढे गेला की पुन्हा खाली. आज चौकात नाचणाऱ्या, तीन चाकांवर उभ्या राहणाऱ्या ज्या गाड्या आपण कौतुकाने पाहतो, त्यांचं मूळ या युक्तीत आहे.

इथे माझ्यातला इंजिनिअर गप्प बसत नाही. ते कलम मूर्खपणाचं होतं असं मला म्हणवत नाही. समजा, महामार्गावर पुढचा टायर फुटला. चाक रिमवर येतं. त्या वेळी रिमपेक्षा खाली चॅसीचा किंवा स्टिअरिंगच्या दांड्यांचा एखादा भाग असेल तर तो रस्ता खरवडतो आणि गाडी हातात राहत नाही. वाहनं बदलणारे जाणते लोक कायदा असो वा नसो, ही रेषा पाळतात. हिशेब बरोबर होता, तो कोणाच्या गाडीखाली डोकावून तपासायचा यात पक्षपात होता. शेजारचे आजोबा, ज्यांनी मला हे सगळं काम शिकवलं, सांगतात की तरुणपणी त्यांच्या इम्पालाखाली पोलिसाने काठी सरकवून पाहिली नाही असा महिना गेला नाही. समोरून गोऱ्या मुलांच्या तितक्याच बुटक्या गाड्या निघून जात.

आता टायरकडे येऊ, कारण ही सगळी रेषाच टायरवर अवलंबून आहे. माझ्या ट्रकचं मूळ माप ६.००-१६. बाहेरचा व्यास साधारण २८ इंच. रिमची कड आणि वजनाने दबलेलं रबर वजा केलं तर रस्त्यापासून रिम सुमारे पाच इंचांवर येते. तोच २८ इंची व्यास ठेवून हल्लीची २० इंची रिम आणि पातळ टायर घातला, तर ती रेषा तीन इंचांच्या आसपास उतरते. म्हणजे ट्रक तिळभरही न हलवता, काल बेकायदा असलेली चॅसी आज कायदेशीर! लोरायडर मंडळींनी मात्र असल्या पळवाटेला भीक घातली नाही. त्यांना लहान चाकं आणि ५.२०-१४ मापाचे अरुंद, पांढऱ्या पट्टीचे टायरच प्रिय.

मूळ धाटणीचे बायस-प्लाय टायर, ज्यांत धागे तिरके एकमेकांवरून जातात, दिसायला अस्सल असतात. पण रात्रभर उभे राहिले की बसतात आणि सकाळी पहिला मैलभर ट्रक टांग्यासारखा चालतो. रस्त्यातल्या प्रत्येक चरीमागे धावतात ते वेगळंच. रेडिअलमध्ये धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे, वर पट्टे. मिशलँने १९४६ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, १९४९ मध्ये बाजारात आणला, आणि अमेरिकेने सरसकट स्वीकारायला सत्तरचं दशक उजाडलं. मी २०५/७५ आर १६ मापाचे रेडिअल निवडले. व्यास २८.१ इंच, म्हणजे स्पीडोमीटरही खोटं बोलत नाही. प्रवासी मोटारीचा टायर पिकअपला लावायचा तर त्याची भारक्षमता १.१ ने भागून धरायची हा इथला नियम. म्हणून ट्रकच्याच वर्गातले घेतले. पहिल्या खेपेला एका दुकानाने 'कोरे' म्हणून दिलेले टायर आठ वर्षांपूर्वीचे निघाले. टायरच्या कुशीवरच्या शेवटच्या चार आकड्यांत आठवडा आणि साल असतं. मी ते घरी आल्यावर वाचलं, ही माझी डॉक्टरेट!

असो. स्टोरी-किंगच्या चौकाकडे परत येतो. सॅन होजेने १९८६ मध्ये या फेऱ्यांवर बंदी घातली, सॅक्रामेंटोने १९८८ मध्ये, सॅन दिएगोजवळच्या नॅशनल सिटीने १९९२ मध्ये. हाणामारी आणि वाहतूक कोंडी ही कारणं दिली गेली, आणि ती सगळीच खोटी नव्हती. बंदी उठायला पहिल्या दोन शहरांत २०२२ उजाडलं, नॅशनल सिटीत २०२३. त्याच वर्षी राज्याने एबी ४३६ हा कायदा केला. १ जानेवारी २०२४ पासून शहरांचा फेऱ्यांवर बंदी घालण्याचा अधिकार गेला आणि २४००८ हे कलमही रद्द झालं.

माझा ट्रक त्यानंतरचा. पुढे चार इंच बाकदार ॲक्सल बसवला. मागे कमानपाटा आणि ॲक्सल यांच्यामध्ये ठोकळे घातले. शिवाय हौसेने पुढचे दोन पाटे काढले. टेप लावली तर पुढचं सर्वांत खालचं टोक साडेचार इंचांवर आणि रिम पाचवर. आजोबा म्हणाले, "डॉक्टर, आता कायदा नाही. राहू दे." मी एक पाटा परत घातला.

पुन्हा मोजलं. साडेपाच. आजोबा गुडघ्यावर हात टेकत उठले, ट्रकभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "माझ्या वेळचा पोलीस खूश झाला असता." मग चावी मागून घेतली आणि मला शेजारी बसवून ताशी पंधरा मैलांच्या वेगाने स्टोरी रोडकडे निघाले.