हृदयपरिवर्तन आपोआप होत नाही!

शोषकांचे हृदयपरिवर्तन झाले की अन्याय संपेल, असा उपदेश आम्हाला नेहमी केला जातो. अमेरिकेतील एका लष्करी अधिकाऱ्याची पत्रे वाचली की या उपदेशातला फोलपणा कळतो.

मार्कस स्पीगल हा जर्मनीत जन्मलेला, ज्यू धर्मगुरूचा मुलगा. यादवी युद्धात तो उत्तरेच्या सैन्यात, १२०व्या ओहायो रेजिमेंटमध्ये अधिकारी होता. लढत होता तो देश एकसंध राहावा म्हणून, गुलामांसाठी नव्हे. १ जानेवारी १८६३ रोजी लिंकनने मुक्तीचा जाहीरनामा अमलात आणला. त्याच महिन्यात स्पीगलने पत्नी कॅरोलाइनला चिडून लिहिले की या जाहीरनाम्यासाठी लढण्याची आपली इच्छा नाही.

एका वर्षानंतर, जानेवारी १८६४ मध्ये, हाच माणूस लुइझियानातील प्लाकमिन येथून वेगळेच लिहितो. गुलामगिरीची भीषणता इथे आल्यावर कळली, ही शापित व्यवस्था संपत असल्याचा आनंद आहे, असे तो पत्नीला कळवतो. यापुढे गुलामगिरीच्या बाजूने बोलणार नाही, मतही देणार नाही, असा निर्धारही तो करतो. मे १८६४ मध्ये रेड नदीवरील हल्ल्यात तो प्राणघातक जखमी झाला.

स्पीगलचा प्रामाणिकपणा आम्ही मान्य करतो. पण तो बदलेपर्यंत गुलाम हात जोडून बसले होते काय? मुळीच नाही! मे १८६१ मध्येच व्हर्जिनियातील तीन गुलाम मालकाकडून पळून फोर्ट मनरोच्या छावणीत पोहोचले. त्यांच्या मागोमाग हजारो आले. पुढे सुमारे १,८०,००० कृष्णवर्णीय उत्तरेच्या सैन्यात लढले. गुलामगिरीचा प्रश्न त्यांनी युद्धाच्या केंद्रस्थानी आणून ठेवला. डिसेंबर १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने त्यावर कायद्याची मोहोर उमटली.

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामी नष्ट करणाऱ्या सज्जनांना अर्पण केला. साथ देणाऱ्यांचा सन्मान करण्याची आपली परंपरा आहे. पण साथीदाराची वाट पाहत थांबण्याची नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्यावर गेले, ते सवर्णांचे मन वळण्याची वाट न पाहता.

म्हणून तरुण मित्रांनो, आज कुणी स्पीगलसारखा बदलला तर त्याचे स्वागत करा. त्याला दोनच प्रश्न विचारा : घरात काय बोलतोस? मत कुणाला देतोस? आणि त्याचे उत्तर येईपर्यंत आपला संघर्ष थांबवू नका.

जय भीम!