आर्चीला हसले कोण?

१२ जानेवारी १९७१ च्या रात्री अमेरिकेत सीबीएस वाहिनीवर ‘ऑल इन द फॅमिली’ या विनोदी मालिकेचा पहिला भाग लागला. काळे, ज्यू, परप्रांतीय कोणालाच न सोडणारा, घरच्या खुर्चीत बसून तोंडाला येईल ते बोलणारा आर्ची बंकर हा तिचा नायक. हा विनोद आपल्याच पूर्वग्रहांवर आहे, अशी सूचना वाहिनीने आधी दाखवली. तक्रारी घ्यायला जादा टेलिफोन ऑपरेटरही बसवले. पण अपेक्षेइतके फोन आलेच नाहीत.

ही शांतता म्हणजे प्रेक्षकांची प्रगल्भता, असे म्हणण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. विडमार आणि रोकीच या संशोधकांनी अमेरिका व कॅनडातील प्रेक्षकांची मते तपासून १९७४ मध्ये निष्कर्ष छापले. मनात पूर्वग्रह अधिक असलेल्यांना पुरोगामी जावई माइकपेक्षा आर्चीच कौतुकाचा वाटत होता. वादात शेवटी जिंकतो तोही आर्चीच, असे त्यांना दिसत होते. निर्माते नॉर्मन लिअर यांना तर आर्चीची खिल्ली उडवायची होती! अशा प्रेक्षकाने तक्रार करायची ती कशाची? त्याला आपलाच माणूस पडद्यावर भेटला होता.