शेताचा रस्ता गायब झालाय? जुन्या नकाशात तो असा शोधतात

ऊस तोडून पडलाय, पण ट्रॅक्टर शेतापर्यंत पोहोचत नाही. शेजारी म्हणतो, "इथून रस्ता कधी नव्हताच." महाराष्ट्रात गावोगावी हा वाद दिसतो. बांध सरकत जातो, पाणंद नांगराखाली येते आणि रस्ता फक्त जुन्या माणसांच्या आठवणीत उरतो. कागदावर मात्र तो अनेकदा शाबूत असतो.

गाव नकाशा काय सांगतो?

ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यात 33 फुटी साखळीने जमीन मोजली गेली. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा, 1089 चौरस फूट. गाव नकाशांचा पाया हीच मोजणी.

नकाशात एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, तर दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग. पायमार्गाची रुंदी साधारण सव्वाआठ फूट, म्हणजे पाव साखळी धरतात. गाडीमार्गाची साडेसोळा ते 21 फूट.

नंबर का जुळत नाहीत?

जुन्या नकाशावर सर्व्हे नंबर असतात, पण अनेक गावांत आजच्या सातबाऱ्यावर गट नंबर आहे. 1947च्या कायद्यानुसार जमिनींचं एकत्रीकरण झालं, तेव्हा हे नंबर बदलले. त्यामुळे आधी जुन्या-नव्या नंबरांचा मेळ घालावा लागतो. त्यासाठीचं रेकॉर्ड तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मागता येतं.

टोपोशीटचा उपयोग किती?

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या टोपोशीटवर गाडीवाटा, पायवाटा, ओढे, विहिरी दिसतात. वाट कोणत्या दोन गावांना जोडायची, ओढा कुठे ओलांडायची, हे त्यावरून कळतं. पण 1:50,000 प्रमाणात नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवरचे 50 मीटर. रस्ता बांधाच्या कोणत्या बाजूला होता, हे त्यावरून ठरत नाही. त्यासाठी गाव नकाशा आणि सरकारी मोजणीच लागते.

शेवटी प्रत्यक्ष जागा पाहायची. दोन बांधांमधली खोलगट पट्टी, रांगेत उभी जुनी झाडं, ओढ्यात उतरणारी घसरण या खुणा नकाशातल्या रेषेशी जुळल्या, तर दावा भक्कम होतो.

पुढे काय?

वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, 1906च्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. म्हणून रस्ता कधी अडवला, ती तारीख लगेच लिहून ठेवणं महत्त्वाचं.

आणि नकाशात रेषाच नसेल तर? तरीही वाट बंद होत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966च्या कलम 143नुसार शेतात जाण्यासाठी बांधावरून रस्ता मागता येतो. खरंच गरज आहे का आणि दुसरा मार्ग आहे का, हे पाहून तहसीलदार निर्णय देतात.