श्रद्धेची फळे आणि ‘स्मृतिचित्रे’ची साक्ष

ख्रिस्ती श्रद्धेने माणसाचे शील सुधारते काय, हा प्रश्न मराठी वाङ्मयाला नवा नाही. दीडशेहून अधिक वर्षे तो आपल्याकडे विचारला जात आहे आणि त्याची उत्तरेही बहुधा विचारण्यापूर्वीच ठरलेली असतात. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वर्गात शिकवायला घेतली की याचा प्रत्यय येतो. एका बाजूने रेव्हरंड टिळकांचे औदार्य आणि पंडिता रमाबाईंची सेवा पुढे केली जाते, तर दुसऱ्या बाजूने इंग्रजी सत्तेची छाया आणि दुष्काळातली धर्मांतरे. दोन्ही बाजू साक्षीदार बोलावतात, पण साक्ष ऐकून घेत नाहीत. आम्हांला असे वाटते की, मराठीने हा प्रश्न तीन निरनिराळ्या वाङ्मयप्रकारांत हाताळला आहे आणि त्यांपैकी कोणता प्रकार काय सिद्ध करू शकतो, हे तपासल्याखेरीज या चर्चेला अर्थ येणार नाही.

पहिला प्रकार वादाचा. १८५७ सालच्या पूर्वार्धात मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांच्यात जाहीर वाद झडले. जॉर्ज बोवेन या अमेरिकन मिशनऱ्याने ते इंग्रजीत छापूनही काढले. अशा वादांत ग्रंथाचे प्रामाण्य, अवतार, चमत्कार, मोक्ष यांचा खल होतो. आचरणाचा विषय निघतो तो मात्र शस्त्र म्हणून. तुमच्या देवांचे चरित्र पाहा, असे एकाने म्हणावे आणि तुमच्या गोऱ्या साहेबांचे वर्तन पाहा, असे दुसऱ्याने. हा हिशेब कधीच मिटत नाही, कारण प्रत्येक समाजात चांगली आणि वाईट माणसे पुरेशी असतात. गंमत अशी की, त्या वादातला सर्वांत मोठा पुरावा वादाच्या बाहेर होता. हाच बोवेन १८४८ साली मुंबईत आला आणि थोड्याच काळात मिशनचा पगार नाकारून गरिबांच्या वस्तीत अत्यंत साधेपणाने राहू लागला. १८८८ साली मृत्यू येईपर्यंत त्याने हा क्रम सोडला नाही. त्याच्या युक्तिवादांना प्रत्युत्तर देता येत होते. त्याच्या राहणीला द्यायचे तर तसेच राहून दाखवावे लागले असते.

दुसरा प्रकार कादंबरीचा. योगायोगाने तेही १८५७ सालच. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ त्या वर्षी प्रसिद्ध झाली. यमुना आणि विनायक प्रवास करतात, ठिकठिकाणी विधवांची दुःखे पाहतात, विनायकाच्या मृत्यूनंतर यमुनेच्या स्वतःच्या वाट्यालाही वैधव्य येते आणि शेवटी ती उघडपणे ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते. हिंदू समाजातील विधवांच्या स्थितीचे या पुस्तकातील चित्रण अस्सल आहे, हे कोणीही नाकारणार नाही. परंतु आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने त्यात एक उणीव आहे. यमुना पहिल्यापासूनच सुशील आहे. श्रद्धेने तिच्यात काय बदलले, हे आपल्याला दिसतच नाही, कारण बदलण्यासारखे लेखकाने काही ठेवलेलेच नाही. हेतुप्रधान कादंबरीत नायिका म्हणजे चालतेबोलते प्रमेय असते. प्रमेय मांडता येते. पण त्यावरून माणसाच्या शीलाविषयी काही सिद्ध होत नाही.

येथे थोडे थांबून खुद्द ख्रिस्ती धर्मविचार काय म्हणतो, हेही पाहिले पाहिजे. सदाचरणाच्या बळावर कोणी तारला जात नाही, तारण ही ईश्वराची कृपा आहे, हे संत पौलाच्या पत्रांचे सूत्र आणि सोळाव्या शतकातील मार्टिन ल्यूथरच्या बंडाचा पाया. उलट याकोबाच्या पत्राचा आग्रह असा की, कृतीवाचूनची श्रद्धा निर्जीव होय. म्हणजे श्रद्धा आणि शील यांचे नाते काय, यावर ख्रिस्ती परंपरेच्या पोटातच ताण आहे. शील हे श्रद्धेचे मूल्य नव्हे, फळ आहे, अशी त्या ताणाची सर्वसाधारण सोडवणूक केली जाते. आता झाडाची पारख फळांवरून करायची, हा निकष तर ‘डोंगरावरील प्रवचना’तच दिलेला आहे. तेव्हा तो लावला म्हणून कोणी रागावण्याचे कारण नाही. आणि तो लावला की संमिश्र पीक हाती येते. एकाच बायबलच्या आधारे विल्यम विल्बरफोर्सने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढा दिला आणि १८०७ साली ब्रिटिश पार्लमेंटने तो व्यापार बंद केला. त्याच बायबलच्या आधारे अमेरिकेच्या दक्षिणेत गुलामगिरीचे समर्थन होत राहिले आणि याच प्रश्नावरून १८४४-४५ च्या सुमारास तेथील मेथडिस्ट व बाप्टिस्ट पंथ दुभंगले. ग्रंथ एकच, फळे दोन. मग फरक कशाने पडतो?

या प्रश्नाकडे वळताना तिसरा वाङ्मयप्रकार, म्हणजे आठवणी, उपयोगी पडतो. आणि त्या आठवणींचा एक धागा आमच्या गोंदिया जिल्ह्यातून जातो. नागपूरहून निघालेली आगगाडी भंडारा रोड, तुमसर, तिरोडा, गोंदिया, आमगाव, सालेकसा अशी धानाच्या बांध्या मागे टाकीत डोंगरगडकडे आणि पुढे राजनांदगावला जाते. १८९३ च्या सुमारास नारायण वामन टिळक याच मार्गाने राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी निघाले होते. तेव्हा गोंदिया मध्य प्रांताच्या भंडारा जिल्ह्यात मोडत असे. स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९९ साली. डब्यात एक युरोपीय सहप्रवासी होता. दोघांत काव्याच्या गोष्टी निघाल्या, मग धर्माच्या. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने टिळकांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले; पण पुस्तक वाचण्याचा शब्द त्यांनी दिला होता, तो पाळला. मत्तयाच्या शुभवर्तमानातील ‘डोंगरावरील प्रवचना’शी ते आले आणि तेथेच खिळले. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, टिळकांना जिंकले ते चमत्कारांनी नव्हे, तर्काने नव्हे, तर नीतीने. शत्रूवरही प्रेम करण्याची मागणी करणाऱ्या तीन अध्यायांनी. म्हणजे आपल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी याहून योग्य माणूस मिळणार नाही. नीतीच्या ओढीने जो ख्रिस्ताकडे गेला, त्याची नीती पुढे कशी राहिली?

याची साक्ष लक्ष्मीबाईंनी दिली आणि ती १९३४ पासून क्रमाक्रमाने प्रसिद्ध झाली. साक्षीदार म्हणून त्यांच्याइतकी अवघड व्यक्ती नाही. बाप्तिस्म्याची बातमी त्यांच्यावर वज्रासारखी कोसळली होती. लहान मुलासह त्या पंढरपुरास राहिल्या. नवरा जिवंत असून संसार मोडला. सुमारे पाच वर्षांची ही ताटातूट. शीलाचा विचार करताना हे विसरता येणार नाही की, टिळकांच्या सद्सद्विवेकाची किंमत प्रथम त्यांच्या पत्नीने चुकती केली. नंतर संसार पुन्हा सुरू झाला, तरी टिळक काही निराळेच होऊन आले, असे लक्ष्मीबाई कोठेही सांगत नाहीत. त्यांचा तापट स्वभाव गेला नाही. मनात येताच घर सोडून निघण्याची सवय गेली नाही. घरात काय शिल्लक आहे हे न पाहता देऊन टाकण्याचा त्यांचा स्वभाव आधीही होता, नंतरही राहिला. ‘यमुनापर्यटना’तील परिपूर्ण ख्रिस्ती येथे कोठेच भेटत नाही.

मग बदलले काय? आमच्या मते स्वभाव बदलला नाही, ‘आपले कोण’ याची व्याप्ती बदलली. आधीचे टिळक नागपुरात श्रीमंत बुटींच्या आश्रयाला असलेले संस्कृताभिमानी कवी होते. नंतरचे टिळक अनाथ मुले घरी आणतात, प्लेगच्या रोग्यांत वावरतात, अस्पृश्य मानलेल्या जातींतून आलेल्या ख्रिस्ती मंडळींत बसतात आणि त्यांच्यासाठी अभंग रचतात. तापटपणा तोच, पण ज्यांच्यासाठी तो माणूस अस्वस्थ होतो, त्यांचे वर्तुळ फार मोठे झालेले आहे.

लक्ष्मीबाईंच्या बाबतीत हा बदल अधिक स्पष्ट दिसतो. ‘स्मृतिचित्रे’चा आरंभ त्यांच्या वडिलांच्या विलक्षण सोवळ्याने होतो. बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येऊ नये, हा तेथला दंडक. या घरातील मुलगी पुढे नगरच्या मिशनच्या आवारात येते, तेव्हाही आपले सोवळे जपूनच राहते. आणि मग राहुरीला एके दिवशी ती स्वतःशीच विचार करते की, जाती देवाने केल्या की माणसांनी? देवाने केल्या असत्या तर त्याच्या खुणा शरीरावर दिसल्या असत्या, अशा अर्थाच्या तर्काने ती निर्णयाला येते आणि कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्याचा निश्चय करते. हा निश्चय १९०० सालच्या तिच्या बाप्तिस्म्याच्या आधीचा आहे.

हे श्रेय कोणाला द्यायचे? ख्रिस्ती श्रद्धेला म्हणावे, तर ती अजून ख्रिस्ती नव्हती. केवळ स्वतःच्या बुद्धीला म्हणावे, तर पंढरपुरात राहून तिच्या मनात हा प्रश्न याच रीतीने उठला असता का? आम्हांला वाटते, दोन्ही अर्धसत्ये आहेत. श्रद्धेने तिला उत्तर दिले नाही. ज्या माणसांत तो प्रश्न टाळताच येत नाही, अशा माणसांत तिला नेऊन बसवले. निर्णय तिचा होता.

पंडिता रमाबाईंच्या चरित्रातही हेच सूत्र आढळते. १८८२ साली त्यांनी ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले, तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या. स्त्रियांनी सदाचाराने कसे वागावे, याचा उपदेश करण्याइतके नैतिक बळ त्यांच्याकडे आधीच होते. १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा होण्यापूर्वी त्यांनी ‘पतित’ म्हणून टाकलेल्या स्त्रियांमध्ये काम करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी पाहिल्या. अशा स्त्रियांना शिक्षा नव्हे, तर करुणा, ही कल्पना त्यांना नवी होती. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात आल्या आणि शेकडो उपाशी मुली आपल्याबरोबर घेऊन गेल्या. १८८२ च्या पुस्तकातली नीती सुशील स्त्री घडवू पाहत होती. केडगावच्या मुक्ती सदनाची नीती, जिला समाजाने शील उरलेलेच नाही असे ठरवले, तिलाही आत घेत होती.

मात्र येथेच दुसरी बाजूही मांडली पाहिजे. १८९३ साली शारदा सदनातील मुली रमाबाईंच्या प्रार्थनेला बसतात, यावरून वाद होऊन रानडे, भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळ सोडले. आश्रय देणाऱ्याच्या प्रार्थनेला बसणारी निराश्रित मुलगी कितपत स्वतंत्र असते, हा त्यांचा प्रश्न खोटा नव्हता. दुष्काळात भाकरीबरोबर आलेल्या धर्माविषयीही हाच प्रश्न उरतो. शिवाय जात चर्चच्या दारातच थांबली असे नाही. महार-मांग हा भेद काही ख्रिस्ती मंडळ्यांतही टिकून राहिला. ज्याला श्रद्धेसाठी काही सोडावे लागत नाही, त्याच्या वर्तनात ती फारसे काही बदलत नाही, असा याचा अर्थ आम्ही घेतो.

विशेष म्हणजे हे टिळकांनाही जाणवले होते. मिशनच्या पगारावर उभी असलेली, परकीय वळणाची ख्रिस्ती मंडळी त्यांना अस्वस्थ करीत होती. १९१७ साली त्यांनी मिशनची पगारी सेवा सोडली आणि सातारा येथे ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना जागा होती. बाप्तिस्म्याची किंमत कुटुंबाच्या रूपाने ज्याने मोजली, त्यानेच आयुष्याच्या अखेरीस बाप्तिस्म्याची अट बाजूला ठेवावी, ही साधी गोष्ट नव्हे. १९१९ साली त्यांचे निधन झाले आणि दरबाराचा प्रयोग अपुरा राहिला.

टिळक जेथे शेवटी पोहोचले, त्याच्या पलीकडे महात्मा फुले आधीच उभे होते. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले, मिशनऱ्यांच्या शिक्षणकार्याविषयी कृतज्ञ असलेले फुले ख्रिस्ती झाले नाहीत. त्यांच्या निधनानंतर १८९१ साली निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी एका कुटुंबाची कल्पना केली आहे. त्यात पत्नी बौद्ध, पती ख्रिस्ती, मुलगी मुसलमान आणि मुलगा सत्यधर्मी असू शकतो, आणि तरीही सर्वांनी प्रेमाने एकत्र राहावे, अशी अपेक्षा आहे. पंढरपुरात मुलाला घेऊन बसलेल्या लक्ष्मीबाईंच्या संदर्भात हे वाचले की, त्या कल्पनेचे मोल कळते. तसे कुटुंब १८९५ च्या महाराष्ट्रात शक्य असते, तर त्या पाच वर्षांचे दुःख कोणालाच भोगावे लागले नसते.

तेव्हा ख्रिस्ती श्रद्धेने शील सुधारते काय, या प्रश्नाला ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर देणे आम्हांला शक्य वाटत नाही. पण प्रश्न अधिक नेमका करता येतो. त्या श्रद्धेपायी माणसाने काय सोडले? ते सोडल्याची किंमत कोणी मोजली? आणि पूर्वी जे त्याच्या पंक्तीला बसू शकत नव्हते, ते आता बसतात काय? या तीन प्रश्नांना टिळक दांपत्य आणि रमाबाई यांचे जीवन निश्चित उत्तरे देते, आणि ती सगळीच सुखद नाहीत. हेच प्रश्न वारकऱ्याला, सत्यशोधकाला, आणि १९५६ साली नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेणाऱ्यालाही विचारता येतात, विचारले पाहिजेत. वर्गात ‘स्मृतिचित्रे’ उघडताना एवढे केले, तरी विद्यार्थी कोणत्या तरी बाजूचे वकील होण्याऐवजी चांगले वाचक होतील.